पाणकराची वाट

साकोलीवरून जो मोठा रस्ता जातो तो गुजरातेत हजिऱ्याला सुरू होतो आणि ओडिशात पारादीप बंदराला संपतो. एका टोकाला अरबी समुद्र, दुसऱ्या टोकाला बंगालचा उपसागर, आणि मध्ये कुठेतरी आम्ही. दोन्हीकडचं खारं पाणी इतकं लांब की आमच्या एकोडीकडच्या पुष्कळ म्हाताऱ्या माणसांनी समुद्र टीव्हीवरच पाहिलेला. पण काठ म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. भंडारा जिल्हा तलावांचा. गावागणिक एक तलाव, त्याच्या आगेमागे दोन-चार बोड्या, बोडीखाली धानाच्या बांध्या. पाणी चढताना आणि उतरताना पाहतच आमच्याकडची पोरं मोठी होतात.

तलावाची फेरी हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. आखरावरून निघायचं, पारावर चढायचं. (पुस्तकात पाळ लिहितात, आमच्या बोलीत ळ चा र होतो, म्हणून पार.) पारावर आंबे, मोहाची झाडं, दोन जुन्या चिंचा. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला खोल बांध्या. पार संपतो तिथे सलंग, म्हणजे तलाव भरला की जास्तीचं पाणी जिथून ओसंडून जातं ती जागा. सलंग ओलांडला की जंगलाच्या बाजूने वळायचं. इकडे पार नाही, जमीनच हळूहळू पाण्यात उतरत जाते. देवधान, कमळं, चिखल, बगळे. मग एक लहान बोडी, तिच्या काठाने पाऊलवाट, आणि पाटाच्या कडेकडेने परत आखर. चढ म्हणावा असा कुठेच नाही. सत्तरीचा माणूस काठी न घेता करू शकेल.

ही फेरी किती लांब, असं कोणी विचारलं तर मला एक आकडा सांगता येत नाही. पोळ्याच्या सुमारास ती सव्वा तासाची असते. होळीपर्यंत पाणी आत सरकतं, वाट त्याच्या मागोमाग आत येते, आणि तीच फेरी पाऊण तासात संपते. वैशाखात तर सरळ तलावाच्या पोटातून चालत जाता येतं. पायाखाली भेगाळलेली माती, शिंपले, आणि जिथे श्रावणात पुरुषभर पाणी होतं तिथे उभी असलेली कोणाची तरी वांगी.

माझ्या फिरण्याची गावाला आधी गंमत वाटायची. आमच्याकडे माणूस चालतो तो कशासाठी तरी. सरपणाला, ढोरांमागे, पऱ्ह्यांना पाणी आहे का पाहायला, मासळीला. हातात काहीच नाही आणि तरी चालला आहे, असा माणूस एकतर आजारी किंवा रिकामटेकडा. पहिल्या वर्षी एक म्हातारा ढिवर जाळं खांद्यावर टाकून समोरून आला. थांबला, म्हणाला, “गुरुजी, रोज पाहाले येता. तलाव पळून जाते का जी?”

मी हसलो. पण प्रश्न डोक्यात राहिला, कारण त्याचं उत्तर “हो” असं आहे. तलाव पळून जातात. एकदम नाही, वावभर वावभर.

*

आमचे तलाव देवाने दिलेले नाहीत. हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, कारण दोन-तीनशे वर्षं जुनं पाणी आणि काठावरचं जंगल पाहून ते आपोआप झालं असं वाटतं. ज्यांनी मारुती चितमपल्लींचं लेखन वाचलं आहे त्यांना नवेगावबांधचे पक्षी माहीत आहेत; चितमपल्ली तिथे वनाधिकारी होते. पण त्या पक्ष्यांच्या पायाखालचं पाणी माणसाने अडवलेलं आहे. कोलू पाटील कोहळी याने डोंगरांमधल्या खिंडी बांधून तो तलाव केला, असं सांगतात. लोक त्याला पुढे कोलासूर म्हणून पुजू लागले. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला जमिनीची सवलत मिळे, आणि कोहळी लोक या कामात इतके तरबेज की पाण्याचा उतार नुसत्या डोळ्यांनी ओळखत, अशी ख्याती. आमच्या भागातले बहुतेक तलाव असेच मातीचे. सिमेंटचा कण नाही. ज्यांनी टोपली डोक्यावर वाहिली त्यांची नावं कुठेही नाहीत. कोहळ्यांचं नाव राहिलं, टोपली उचलणाऱ्याचं राहिलं नाही.

मालगुजारीच्या काळात तलावाला एक पाणकर असे. पाणी वाटणं हे त्याचं काम. तलावाच्या पोटाशी तुडूम असतो, म्हणजे पाणी सोडायची दगडी मोरी. तिला वरपासून खालपर्यंत भोकं, भोकांत लाकडी गुडदे. कोणता गुडदा कधी काढायचा, आज पाट कोणाच्या बांधीकडे वळवायचा, हे पाणकर ठरवी. पावसाळ्यात तो रात्री कंदील घेऊन पारावरून फिरे. खेकडे आणि घुशी पाराला बिळं पाडतात. बिळातून पाणी झिरपायला लागलं की आधी बोटाएवढी धार, मग मनगटाएवढी, आणि सकाळी पार फुटलेला. म्हणून फिरायचं, पायाने दाबून पाहायचं, ओल कुठे आहे ते हाताने चाचपायचं. सलंगावर पाणी किती चढलं ते पाहायचं. मग जंगलाच्या बाजूने येवा मोकळा आहे ना, ते पाहून परत. त्याला याबद्दल गावाकडून धान मिळे.

म्हणजे मी जिला फेरी म्हणतो ती त्याची वाट. पावलं तीच, वळणं तीच. त्याच्या काळी ते काम होतं, माझ्या काळी हवा खाणं झालं.

हे कसं झालं ते थोडक्यात सांगतो, कारण कायद्याचा इतिहास मला आवडत असला तरी वाचणाऱ्याला जांभई येते. आम्ही तेव्हा मध्यप्रदेशात होतो. १९५० चा मालकी हक्क नष्ट करण्याचा कायदा झाला, ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी गेली, आणि तलाव सरकारजमा झाले. माजी मालगुजारी तलाव, म्हणून ‘मामा तलाव’. मालगुजार गेला याचं दुःख करायचं कारण नाही. वेठ, सलामी, शिव्या हे सगळं त्याच्याबरोबर गेलं आणि ते जायलाच हवं होतं. पण पाणकरही गेला. तलाव सगळ्यांचा झाला, पारावरची बिळं मात्र कोणाचीच राहिली नाहीत.

*

आता मुख्य गोष्टीकडे येतो. रोज फिरणाऱ्याला जे दिसतं ते त्याने सांगावं का?

वरवर सोपा प्रश्न आहे. पाराला बीळ दिसलं तर सांगायचंच, त्यात काय विचार करायचा? मी सांगतो. ज्यांच्या बांध्या खाली आहेत ते दोन पोरं येतात, माती कोंबतात, धुम्मसाने ठोकतात. बीळ सांगून कोणाचं वाईट होत नाही, खेकड्याचं सोडून. पण तलावाच्या दुसऱ्या बाजूला, जिथे पार नाही आणि जमीन आपली हळूच पाण्यात उतरते, तिथे मला जे दिसतं ते सांगितल्याने माणसांचं वाईट होतं.

तिथे दोघे आहेत. एक आमच्यातला बरा शेतकरी. ट्रॅक्टर आहे, बोअर आहे, पोरगा नागपूरला. त्याची वडिलोपार्जित बांधी तलावाला लागून. दरवर्षी पाणी उतरलं की तो तलावाच्या बाजूचा धुरा थोडा आत सरकवतो. कधी दोन हात, कधी चार. माती तलावातलीच. पाच-सहा वर्षांत तिथे चांगली रुंद बांधी तयार झाली, धुरा छातीएवढा उंच, त्यावर तुरीची ओळ. पावसाळ्यात पाणी येतं आणि त्या धुऱ्याला धडकून थांबतं.

दुसरी एक बाई. नवरा लवकर गेला, जमीन नाही, रोवणीच्या दिवसांत रोवणीला, एरवी मिळेल त्या कामाला. पाणी उतरत जातं तसतशी ती मागोमाग ओल्या गाळात लाखोरी टाकते, एका कोपऱ्यात वांगी-टमाटी लावते. याला गाळपेर म्हणतात. नांगर लागत नाही, खत लागत नाही, गाळच खत. जूनमध्ये पाणी परत येतं आणि तिची शेती होती की नव्हती असं होऊन जातं. ढोरं येऊ नयेत म्हणून ती बेशरमाच्या काड्यांचं कुंपण करते. बेशरम ढोरं खात नाहीत, त्यांना बाधते. नाही तर त्या झुडपाचा तलावाला उपद्रवच.

कागदाला विचाराल तर दोघंही अतिक्रमणवाले. बुडीत जमीन सरकारची, तिच्यात परवानगीशिवाय पेरलं की अतिक्रमण. गावाला विचाराल तर उत्तर आणखी सोपं: “त्यानं केलं, मी काहून नाही?” कागद दोघांना एकाच मापाने मोजतो आणि गाव कोणालाच मोजत नाही. मला दोन्ही पटत नाही.

काठाची जमीन कोणाची, हा फार जुना प्रश्न आहे. रोमन लोकांच्या सहाव्या शतकातल्या कायदेग्रंथात, जस्टिनियन बादशहाच्या, असं धरलं आहे की हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि समुद्राचा काठ हे स्वभावानेच सगळ्यांचं. आणि काठ कुठपर्यंत? तर हिवाळ्यातली मोठ्यात मोठी लाट जिथवर पोचते तिथवर. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. ज्या दिवशी पाणी सगळ्यात पुढे येतं त्या दिवशीची रेघ धरायची. उन्हाळ्यात पाणी मागे गेलं म्हणून जमीन मोकळी झाली असं समजायचं नाही. आमच्या तलावाला हिवाळी लाट नाही, पण सलंगावरून पाणी चालू असताना ते कुठवर चढतं हे झाडांच्या बुंध्यांवर लिहिलेलं असतं. जंगलाच्या बाजूला एक जुना कहू आहे, अर्जुनाचं झाड. त्याच्या पांढऱ्या सालीवर गाळाची रेघ दरवर्षी उमटते. ती माझी लाट.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ ला जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावतळ्यांबद्दल निकाल दिला. पटियाला जिल्ह्यातल्या एका गावात तळं बुजवून त्यावर घरं बांधली होती. न्यायालयाने म्हटलं की गावच्या सामाईक जमिनीवरचा बेकायदा कब्जा काढा, आणि सगळ्या राज्यांनी त्यासाठी योजना करा. खर्च केला, वर्षं लोटली, वजन आहे, म्हणून कब्जा कायम करायचा नाही. पण त्याच निकालात अपवादही ठेवले: सरकारी नियमाने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिलेला असेल, किंवा तिथे शाळा, दवाखाना उभा असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणजे न्यायालयालाही जाणवलं की एका मापाने भागत नाही. फक्त त्यांनी माप ठेवलं ते कोण आहे आणि कागद आहे का, यावर. माझं माप वेगळं आहे. पाणी परत येऊ शकतं का? बाईच्या लाखोरीवरून पाणी परत येतं. त्या धुऱ्यावरून येत नाही. एकजण पाण्याची वाट पाहून, त्याच्या मागून पेरतो. दुसरा पाण्याला सांगतो की तू आता इथे यायचं नाही.

हे माप मी गरिबीवर ठेवलं नाही, ते मुद्दाम. उद्या तिनेही धुरा बांधला तर मी तेच म्हणेन. म्हणेन असं वाटतं. तिच्या पोराला घर नाही आणि तो पाराच्या पायथ्याशी दोन खोल्या टाकतो असं झालं, तर मी काय म्हणेन हे त्या दिवशी कळेल.

*

काही वर्षांपूर्वी लेकीकडे गोव्याला गेलो होतो. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर गेलो आणि खाजनाच्या बांधावरून दोन-तीन तास चाललो. समुद्रकिनाऱ्यावर जाऊ म्हणून लेक मागे लागली होती, तिथेही गेलोच, पण वाळूत माझं मन रमलं नाही. सगळे पाण्याकडे पाहत होते आणि पाण्याशी कोणाला काही काम नव्हतं. खाजनात मात्र घरी आल्यासारखं झालं. मातीचा बांध, एका बाजूला भरतीचं खारं पाणी आणि खारफुटी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि मासळीची तळी. बांधात दार, त्याला तिकडे मानस म्हणतात. भरतीला दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. आमचा तुडूम पाणी सोडायला, त्यांचा मानस पाणी थोपवायला. पण भांडण तेच. मानसीजवळची मासेमारी लिलावाने जाते, आणि लिलाव घेणाऱ्याने जास्त मासळीसाठी खारं पाणी आत येऊ दिलं की भात मरतं. पूर्वी गांवकरी बांध राखत. कुळकायदे आले, कुळांना न्याय मिळाला आणि बांध राखणारं कोणी उरलं नाही. मी हे ऐकताना नुसती मान डोलवत होतो. नावं बदला, आमची गोष्ट.

आमच्याकडे भांडण होतं ते दिवाळीच्या आगेमागे. हलकं धान निघालेलं असतं, पण चिन्नोरसारखं भारी धान उभं असतं आणि त्याला एक शेवटचं पाणी हवं असतं. तेच पाणी ढिवरांच्या सोसायटीला तलावात हवं असतं. त्यांनी तलाव लिजवर घेतलेला, बीज टाकलेलं, पाणी गेलं की उन्हाळ्यापर्यंत मासळी टिकत नाही. शेतकरी म्हणतो, तलाव धानासाठीच बांधला. ढिवर म्हणतो, पैसे आम्ही भरले. दोघंही खरं बोलतात. मग कोणीतरी रात्री गुडदा काढतो आणि सकाळी सोसायटीचे लोक पाटात मासळी वेचताना दिसतात. एका वर्षी दोन्हीकडच्यांनी बसून तुडुमाच्या दगडावर खूण केली: पाणी इथपर्यंत येईस्तोवर धानाला, त्याखालचं मासळीला. खूण खिळ्याने ओरखडलेली आहे, अजून दिसते. तीन वर्षं पाळली गेली. चौथ्या वर्षी पाऊसच कमी झाला आणि सप्टेंबरातच पाणी खुणेच्या खाली होतं. मग काय करायचं, हे त्या दगडावर लिहिलेलं नव्हतं.

त्या म्हाताऱ्या ढिवराने मला त्या वर्षी विचारलं होतं, “तुमचं काय मत गुरुजी?” मी म्हटलं, माझी ना बांधी तलावाखाली, ना जाळं तलावात. तो म्हणाला, “म्हनूनच तं विचारतो.”

ही गोष्ट मी पुष्कळ दिवस घोळवली. ज्याला काही घ्यायचं नाही त्याचं बोलणं लोक खरं मानतात. पण ज्याला काही घ्यायचं नाही त्याचं काही जातही नाही. रिकाम्या हाताने चालणाऱ्याचं पुण्य फार स्वस्त असतं. मला पेन्शन आहे, तांदूळ विकत घेता येतो, मासळी बाजारातून येते. मी तलावातून फक्त बघणं नेतो. पट्टकदंब हंस हिमालयापलीकडून येऊन आमच्या पाण्यावर उतरले की मला आनंद होतो. त्या आनंदासाठी दुसऱ्याने धुरा मागे घ्यावा, असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? सारसांची जोडी बांधीत घरटं करते, आणि धानाची तेवढी जागा कापणीवेळी सोडावी लागते. गोंदियाकडे शेतकरी अशी घरटी राखतात. नुकसान त्यांचं, दुर्बीण दुसऱ्याची.

तरीसुद्धा मला वाटतं की पाणकराची वाट चालणाऱ्यावर पाणकराचं थोडं काम येतं. धान मिळत नाही म्हणून काम जात नाही. ते काम निवाडा करायचं नव्हे, पाहून सांगायचं. पाणी कुठवर चढलं. ओल कुठे आहे. रोज न चालणाऱ्याला ते माहीत नसतं आणि कागदावर ते कधीच नसतं.

*

गेल्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तलावाच्या अतिक्रमणाचा विषय निघाला. कारण साधं होतं. गाळ काढायचा होता. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे. तलावातला गाळ काढायचा, शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतात न्यायचा. गाळ कुठवर काढायचा हे ठरवायचं तर तलाव कुठवर आहे हे आधी ठरवायला पाहिजे. बोलाचाली झाली. कोणी म्हणालं, पाणी पहिलेपासून तिथवरच येते. कोणी म्हणालं, नाही, आमच्या लहानपणी कहूच्या पलीकडे होतं. मग मागून आवाज आला: “गुरुजी रोज फिरतात ना. त्याइला विचारा.”

मी उभा राहिलो. कहूवरची रेघ सांगितली. त्या रेघेपासून नवा धुरा माझ्या पावलांनी चाळीस पावलं आत आहे, हे सांगितलं. नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो काही बोलला नाही, त्याचा पुतण्या उठला. “मंग त्या बाईचंही सांगा गुरुजी. का तिचं दिसत नाही?”

ती बायकांच्या बाजूला, दाराशी बसली होती.

मी सांगितलं की तिची पेरणीही रेघेच्या आतच आहे. आणि लगेच पुढचंही सांगितलं: तिथे बांध नाही, धुरा नाही, पावसाळ्यात पाणी अडत नाही; या दोन गोष्टी सारख्या नाहीत. पहिलं वाक्य सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या वाक्याच्या वेळी गलका सुरू झाला होता. ठराव झाला, मोजणी मागवायची.

घरी येताना तो शेतकरी बरोबर चालला. रागात नव्हता. म्हणाला, “गुरुजी, तुमचं बरं आहे. पेन्शन आहे.” मी म्हटलं, आहे. पेन्शन आहे हे खरं, आणि पाणी कहूपर्यंत येतं हेही खरं. एकाने दुसरं खोटं होत नाही. तो म्हणाला, “मी कुठं खोटं म्हनलो?” आणि त्याच्या गल्लीत वळला. त्यानंतर पारावर भेटला की तो रामराम घालतो, थांबत नाही.

बाई मात्र दुसऱ्याच दिवशी वाटेत उभी राहिली. डोक्यावर भारा होता, तो तिने उतरवलाही नाही. “माझं कायला सांगितलं गुरुजी? त्याला बोअर आहे. माझी पट्टी गेली तं मी का खाऊ?”

तिच्यापुढे मापाची गोष्ट काढणं मला जमलं नाही. तिची पट्टी मी लपवली असती तर माझी रेघ खोटी ठरली असती, आणि मग धुऱ्याबद्दल बोललेलंही वाया गेलं असतं. हे मला तेव्हाही बरोबर वाटलं आणि आताही वाटतं. पण या बरोबर असण्याची किंमत माझ्या खिशातून गेलेली नाही, हे तिला दिसत होतं. मोजणीवाला आला की छातीएवढा धुरा काढायला यंत्र लागेल, खर्च लागेल, तारखा पडतील. लाखोरी काढायला एक सकाळ पुरते. खरं सांगितलं की ते आधी सगळ्यात हलक्या माणसावर पडतं. याचा अर्थ खरं सांगू नये असा मी काढत नाही. पण खरं सांगून घरी जाऊन झोपायचं, हेही मला पाणकराचं काम वाटत नाही. पाणी नुसतं सोडून पाणकर कधी घरी गेला नाही. शेवटच्या बांधीत ते पोचलं का, हे पाहायला तो पाटाच्या कडेने चालत जायचा. वाटेत कोणी ना कोणी पाट फोडून आपल्याकडे वळवलेला असायचाच.

सरकारी तलावांची गाळपेराची जमीन एका वर्षाच्या पट्ट्याने देण्याची पद्धत आहे, आणि ज्यांच्या जमिनी पाण्यात गेल्या त्यांच्या बरोबरीने भूमिहीनांचाही त्यात विचार होतो. मी तिला म्हटलं, मोजणी व्हायच्या आधी अर्ज करू. ती संध्याकाळी आली, सोबत तिची धाकटी, दहावीतली. पोरीच्या वहीतला कोरा कागद घेतला आणि मी लिहायला बसलो. नाव, गाव, भूमिहीन असल्याबद्दल, क्षेत्र अंदाजे अमुक. मग चतुःसीमा आली. जी जमीन आठ महिने पाण्याखाली असते तिची चतुःसीमा कशी लिहायची?

“पूर्वेला काय लिहू?”

“पानी लिहा.”

“दक्षिणेला?”

“तथीबी पानीच. उन्हारीत नसते, पर लिहा.”

“पश्चिमेला?”

“कहू.”

“उत्तरेला?”

ती गप्प राहिली. उत्तरेला त्याचा धुरा. तो सीमा म्हणून लिहिला तर तो तिथे आहे आणि राहणार आहे, हे आम्हीच कागदावर मान्य केल्यासारखं झालं. न लिहावा तर अर्ज अपुरा. पोरगी म्हणाली, “आई, जे आहे ते लिहू दे ना.” आईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुमचं का मत गुरुजी?”

मी लिहिलं: उत्तरेस तलाव, त्यात मातीचा धुरा, मोजणी बाकी. पोरीने ते मोठ्याने वाचून दाखवलं, आणि तिच्या आईने अंगठा शाईत बुडवला.